मॉफी नावाची शिवी

कॉलेजच्या ग्राउंडवर, हॉस्टेलच्या जिन्यात, अगदी गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा एक शब्द सहज फेकला जातो. बायल्या. कुणी नाचताना जरा जास्त कंबर हलवली, कुणाच्या डोळ्यात पटकन पाणी आलं, कुणाला क्रिकेटमध्ये रसच नाही, की बसला शिक्का. त्यासाठी पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. आणि एकदा बसला की तीन वर्षं निघत नाही, हे ज्याच्यावर बसलाय त्याला विचारा.

दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत याच घराण्यातला एक शब्द आहे. 'मॉफी'. अर्थ जवळपास तोच, फक्त जास्त विखारी. वर्णभेदाच्या काळात तिथल्या सैन्याच्या बराकींमध्ये हा शब्द दिवसातून शंभरदा ओरडला जायचा. धावण्यात मागे पडलेला मॉफी, रायफल नीट साफ न केलेला मॉफी, घरची आठवण काढणारा मॉफी. इतकंच काय, ज्यानं सैन्यात जायलाच नकार दिला तोही मॉफी. या सगळ्या गर्दीत काही मुलं खरोखरच गे होती. हा शब्द कानावर पडला की बाकीच्यांना नुसता राग यायचा, यांच्या मात्र पोटात गोळा यायचा. कारण आपल्याला ओळखलंय की उगाच ओरडलाय, हे त्यांना कळायचं नाही.

ही गोष्ट त्या मुलांची. आपल्याच वयाची होती ती.

अठराव्या वर्षी रायफल

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दक्षिण आफ्रिकेत १९४८पासून गोऱ्यांच्या नॅशनल पार्टीचं राज्य होतं आणि वर्णभेद हा सरकारी कायदा होता. १९६७पासून तिथे गोऱ्या तरुणांना सैन्यात जाणं सक्तीचं झालं. फक्त गोऱ्यांना, आणि त्यातही फक्त पुरुषांना. सुरुवातीला नऊ महिने, मग एक वर्ष, आणि १९७७मध्ये तो काळ वाढवून तब्बल दोन वर्षांचा केला गेला. सोळाव्या वर्षी, शाळेत असतानाच, नावनोंदणी व्हायची. मग शाळा संपता संपता बोलावणं यायचं. युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतली तर ते काही वर्षं पुढे ढकलता यायचं, टाळता यायचं नाही. दोन वर्षं झाली तरी पाठ सुटत नव्हती. पुढे कित्येक वर्षं अधूनमधून 'कॅम्प'साठी हजर राहावं लागायचं.

आणि नाहीच गेलं तर? १९८३च्या कायद्यानंतर तुरुंगवासाची शिक्षा सहा वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. १९८८मध्ये चार्ल्स बेस्टर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला सैन्यात जायला नकार दिला म्हणून खरोखरच सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरा मार्ग म्हणजे देश सोडून पळून जाणं. अनेकांनी तो धरला.

जे गेले त्यांना कुठे पाठवलं? काहींना सीमेवर, म्हणजे आजच्या नामिबियात आणि तिथून अंगोलात. नामिबिया तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता आणि तिथे स्वातंत्र्यासाठी गनिमी लढा चालू होता. काहींना १९८४नंतर आपल्याच देशातल्या काळ्यांच्या वस्त्यांमध्ये बंदोबस्ताला. शाळेत आणि चर्चमध्ये या मुलांना सांगितलेलं असायचं की बाहेर कम्युनिस्ट टपलेत, आत काळे टपलेत, मध्ये तुम्ही आहात. त्या 'तुम्ही'त गे मुलगा बसत नव्हता. काळ्यांच्या मानानं गोरे संख्येनं अगदी थोडे, त्यामुळे गोऱ्या पुरुषानं लढायचं, लग्न करायचं, गोरी मुलं जन्माला घालायची, हा सगळा हिशोब ठरलेला. शिवाय डच रिफॉर्म्ड चर्चच्या कडक धर्मात समलैंगिकता हे पाप होतंच.

कायदाही पाठीशी होता. जानेवारी १९६६मध्ये जोहान्सबर्गच्या फॉरेस्ट टाउन भागात एका घरी चाललेल्या पार्टीवर पोलिसांनी धाड टाकली. तिथे मोठ्या संख्येनं पुरुष सापडले आणि सरकार हादरलं. आपल्या गोऱ्या, सभ्य समाजात हे असं? संसदेची समिती बसली आणि १९६९मध्ये कायद्यात एक अजब कलम आलं. 'पार्टी'मध्ये दोन पुरुषांमधलं लैंगिक वर्तन गुन्हा, आणि पार्टी म्हणजे काय, तर दोनपेक्षा जास्त माणसं हजर असलेला कुठलाही प्रसंग. म्हणजे तिसरा माणूस आला की झाली पार्टी! मुळात पुरुषांमधला शरीरसंबंध तिथे आधीपासूनच गुन्हा होता. आपलं ३७७ ब्रिटिशांनी लिहून ठेवलेलं, त्यांचा गुन्हा मात्र डच वसाहतवाल्यांनी आणलेल्या जुन्या रोमन-डच कायद्यातला. मालक वेगळे, माल तोच.

सांगितलं तरी पंचाईत

आता यातली खरी मेख. सैन्यात कायमच्या नोकरीत असलेला कुणी गे निघाला तर त्याला जागा नव्हती. मग सक्तीनं आणलेल्या मुलांना काय लावायचं? त्यांनाही घरी पाठवायचं ठरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी अर्धी बराक हात वर करून उभी राहिली असती! दोन वर्षांतून सुटायचा इतका सोपा रस्ता कोण सोडेल? त्यामुळे सैन्यानं दुहेरी धोरण ठेवलं. कायम नोकरीवाल्यांना बंदी, सक्तीवाल्यांना मात्र ठेवून घ्यायचं. ठेवून घ्यायचं म्हणजे स्वीकारायचं नव्हे. शिव्या, मार, टिंगल हे सगळं फुकट. थोडक्यात, 'मी गे आहे' असं सांगून सुटका होण्याची खात्री नव्हती, आणि सांगितल्यावर काय होईल याचीही नव्हती. गप्प बसण्याइतकं सुरक्षित दुसरं काहीच नव्हतं.

पण गप्प तरी कसं बसणार? उघड्या रांगेत आंघोळ, एकमेकांना लागून पलंग, तपासणीला कपाट उघडं. आपल्याकडे फर्स्ट इयरला हॉस्टेलवर गेलेल्या कुठल्याही मुलाला हे चित्र नवीन नाही, फक्त इथे रॅगिंग करणाऱ्याला पगार मिळत होता आणि त्याची तक्रार ज्याच्याकडे करायची तोही त्यातलाच. आवाज जाड करायचा, गर्लफ्रेंडचा फोटो लावायचा (नसली तर कुणाच्या तरी बहिणीचा), घाणेरड्या जोकवर सगळ्यांत आधी हसायचं. कुठे बघायचं नाही याचं चोवीस तास भान. आणि कुणा दुसऱ्याला 'मॉफी' म्हणून धरलं की त्याच्यावर ओरडणाऱ्यांत आपणही सामील व्हायचं. मला वाटतं, या सगळ्यात शेवटचं सगळ्यात वाईट असावं.

मात्र चित्र एकाच रंगाचं नव्हतं. छोट्या गावातून, कडक चर्चच्या वातावरणातून आलेल्या कितीतरी मुलांना आपल्यासारखं दुसरं कुणी असतं हे सैन्यातच पहिल्यांदा कळलं! सरकारनं एका जागी हजारो तरुण गोळा केल्यावर दुसरं काय होणार? शहरातल्या गे मंडळींची तेव्हा 'गेल' नावाची एक सांकेतिक बोली होती. तिच्यात शब्दाऐवजी त्याच अक्षरानं सुरू होणारं बाईचं नाव वापरायचं. पोलीस म्हणजे प्रिसिला, सिगारेट म्हणजे सिला, ड्रिंक म्हणजे डोरा, ब्यूटिफुल म्हणजे ब्यूला. ही बोली आली कुठून, तर केप टाउनच्या 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, वस्त्यांमधून. वर्णभेदाच्या सरकारनं बस वेगळी केली, बाक वेगळे केले, समुद्रकिनारे वेगळे केले, पण ही बोली मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून सीमा ओलांडून गोऱ्यांमध्ये आली.

हे सगळं पडद्यावर बघायचं असेल तर दोन सिनेमे आहेत. एक 'कनारी', २०१८चा, १९८५मध्ये सैन्याच्या चर्चमधल्या गायकवृंदात निवड झालेल्या योहान नीमांडचा. नीमांड हे आडनाव आहे आणि आफ्रिकान्समध्ये त्याचा अर्थ 'कुणीच नाही'. सिनेमा गाण्यांचा आहे, हलका वाटतो, आणि मग हळूच पोटात गुद्दा मारतो. दुसरा 'मॉफी', ऑलिव्हर हर्मॅनसचा, जो २०१९मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. तो आंद्रे कार्ल व्हॅन डर मर्व यांच्या त्याच नावाच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीवर बेतलाय. काळ १९८१, नायक निकोलस. 'मॉफी' मी रूममेट झोपल्यावर हेडफोन लावून पाहिला आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही.

त्यात एक प्रसंग आहे. भरती झालेली पोरं ट्रेननं चाललीत, दारू पिऊन धिंगाणा. स्टेशनवर एक वयस्कर काळा माणूस बाकावर शांत बसलाय. खिडकीतून त्याच्यावर शिव्यांचा भडिमार होतो आणि ओकारीनं भरलेली पिशवी त्याच्या अंगावर फेकली जाते. निकोलस हे बघतो आणि काही करत नाही. आपण ज्याच्या बाजूनं सिनेमा बघतोय त्याची ही जागा दिग्दर्शकानं मुद्दाम दाखवलीय असं मला वाटतं. हर्मॅनस स्वतः वर्णभेदाच्या वर्गवारीत 'कलर्ड' ठरलेल्या समाजातला. त्यानं गोऱ्या सैनिकांचं दुःख का सांगावं, असा प्रश्न कुणालाही पडेल. सिनेमा बघितल्यावर मला त्याचं उत्तर त्या बाकावर दिसलं. एकाच यंत्रात मुलाला 'मॉफी' म्हणून ठोकून ठोकून घडवायचं, आणि घडला की त्याला बाकावरच्या माणसाकडे पाठवायचं. या मुलांवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं, पण त्यांच्या हातात रायफल होती आणि समोरच्याच्या हातात नव्हती, हेही तितकंच खरं.

वॉर्ड २२

त्या सिनेमात एका जागेचं नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. वॉर्ड २२. ही जागा काल्पनिक नाही. प्रिटोरियाजवळच्या 'वन मिलिटरी हॉस्पिटल' या लष्करी रुग्णालयातला तो मानसोपचार विभाग. व्यसनी, मानसिक त्रास असलेले, सैन्याला विरोध करणारे आणि समलैंगिक, असे सगळे 'बिघडलेले' तिथे एकाच छपराखाली. सत्तरच्या दशकात तिथला प्रमुख मानसोपचारतज्ज्ञ होता कर्नल ऑब्रे लेविन. समलैंगिकता हा बरा करता येणारा आजार आहे, असं त्याचं मत.

'उपचार' कसा? नंतर बाहेर आलेल्या साक्षींमधून जे कळतं ते असं. मुलाच्या हाताला इलेक्ट्रोड लावायचे. समोर नग्न पुरुषाचं चित्र धरायचं आणि विजेचा झटका द्यायचा. करंट वाढवत न्यायचा, सहन होईना म्हणून तो 'थांबा' म्हणेपर्यंत. मग करंट बंद करून बाईचं चित्र दाखवायचं आणि त्याच्याशी मुलींबद्दल गोड बोलायचं. हे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. डोक्यात पुरुष म्हणजे वेदना आणि बाई म्हणजे सुटका हे समीकरण बसेल, असा सिद्धांत. याला ॲव्हर्जन थेरपी म्हणतात आणि तेव्हा ती फक्त दक्षिण आफ्रिकेत नव्हती, ब्रिटन-अमेरिकेतही चालायची. फरक इतकाच की तिथल्या पेशंटला निदान कागदावर तरी 'नाही' म्हणता यायचं. सैन्याच्या गणवेशातला एकोणीस वर्षांचा मुलगा कर्नल पदावरच्या डॉक्टरला 'नाही' कसं म्हणणार? लेविनचं म्हणणं मात्र कायम एकच राहिलं, की सगळे उपचार पेशंटच्या संमतीनं झाले. आणखी एक तपशील इथे नोंदवायलाच हवा. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं होतं. म्हणजे हे अज्ञानातून झालं, असंही म्हणायची सोय नाही.

इव्हान टॉम्सचं काय करायचं?

या सगळ्या शोधाशोधीत मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते एका डॉक्टरनं. इव्हान टॉम्स. गोरा, श्रद्धाळू ख्रिश्चन आणि गे. सक्तीच्या सेवेतला काळ त्यानं शस्त्र न घेता, डॉक्टर म्हणून काढला, नामिबियातही. परत आल्यावर केप टाउनबाहेरच्या क्रॉसरोड्स नावाच्या झोपडपट्टीत दवाखाना चालवू लागला. हजारो काळ्या लोकांची ती वस्ती सरकारला नकोशी होती. १९८३मध्ये पोलिसांनी तिथे झोपड्या पाडल्या, अश्रुधूर सोडला, कुत्रे सोडले, आणि टॉम्स हे सगळं दवाखान्यातून बघत होता. या सैन्याचा गणवेश आता पुन्हा घालायचा नाही, हे त्यानं तेव्हा ठरवलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'एंड कॉन्स्क्रिप्शन कॅम्पेन' या सक्तीविरोधी चळवळीत तो पुढे आला. १९८५मध्ये काळ्यांच्या वस्त्यांमधून सैन्य मागे घ्या म्हणून त्यानं तीन आठवडे उपोषण केलं.

मग सुरू झाला चिखलफेकीचा खेळ. केप टाउनच्या भिंतींवर त्याच्या नावापुढे 'मॉफी' आणि 'डुक्कर' रंगवलं गेलं. त्याचं म्हणणं खोडून काढण्याची कुणी तसदी घेतली नाही. कशाला घेतील? एका शब्दात काम होत होतं. ही चिखलफेक फक्त रिकामटेकड्या पोरांची नव्हती. १९८८मध्ये चळवळीनं सैन्यालाच कोर्टात खेचलं, तेव्हा आपल्याविरुद्ध गुप्त मोहीम चालवल्याचं सैन्याला नाकारता आलं नाही. 'युद्ध चालू आहे, त्यामुळे चालतं' असा त्यांचा बचाव होता. कोर्टानं तो मानला नाही.

मला जास्त अस्वस्थ केलं ते चळवळीच्या आतल्या गोष्टीनं. १९८७मध्ये टॉम्सला एका महिन्याच्या कॅम्पचं बोलावणं आलं, त्यानं नकार दिला, खटला उभा राहिला. आपण गे आहोत आणि म्हणूनही या सैन्यात आपल्याला जागा नाही, हे कारण तो जाहीरपणे मांडू शकला असता. पण चळवळीतल्या सहकाऱ्यांना धास्ती होती. आधीच थोडे गोरे लोक सोबत आहेत, त्यात हा विषय काढला तर तेही पळतील. शेवटी तो मुद्दा मागे ठेवायचं ठरलं. टॉम्सनं ते मान्य केलं. समतेसाठी लढणाऱ्यांनीच आपल्या सगळ्यात धाडसी माणसाला, 'हे आत्ता नको' म्हटलं. डावपेच म्हणून कदाचित बरोबर असेलही, आणि टॉम्सनं स्वतः नंतर याबद्दल मोकळेपणानं लिहिलंय. पण 'आधी मोठा लढा, तुझं नंतर' हे वाक्य कॉलेजच्या संघटनांमध्ये मुलींना, दलित मुलांना, क्विअर मुलांना इतक्या वेळा ऐकू येतं की मला ते सहज पचलं नाही.

मार्च १९८८मध्ये टॉम्सला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. नऊ महिने तो तुरुंगात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १४३ तरुणांनी एकत्र येऊन आम्हीही सैन्यात जाणार नाही असं जाहीर केलं, आणि सरकारनं चळवळीवर निर्बंध लादले.

भिंतीच्या पलीकडे, काळ्यांच्या लढ्यात, हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. सायमन न्कोली हा सोवेटोतला काळा, गे कार्यकर्ता १९८४मध्ये पकडला गेला. डेल्मासच्या गाजलेल्या देशद्रोहाच्या खटल्यात बावीस आरोपी होते, त्यातला तो एक. तुरुंगात असतानाच त्यानं सहआरोपींना आपण गे असल्याचं सांगितलं. आधी भांडणं झाली. याच्यासोबत खटला लढवायचा की नाही इथपर्यंत गोष्टी गेल्या. पण एकाच कोठडीत दिवसेंदिवस राहिल्यावर माणसाला माणूस दिसतोच. ते टिकले, एकत्र लढले आणि न्कोली १९८८मध्ये निर्दोष सुटला. १३ ऑक्टोबर १९९० रोजी जोहान्सबर्गमध्ये आफ्रिका खंडातला पहिला प्राइड मोर्चा निघाला, त्याच्या आयोजकांत तो होता. त्या मोर्चात काही जण डोक्यावर कागदी पिशवी घालून, डोळ्यांपुरती भोकं पाडून चालले होते. यायचं तर होतं, पण ओळखू यायचं नव्हतं.

डेल्मासच्या त्या बावीस जणांत मोसिउआ लेकोटाही होते. 'टेरर' हे त्यांचं फुटबॉलच्या मैदानावरचं टोपणनाव. न्कोलीसोबत तुरुंगात राहिलेला हा माणूस १९९९मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संरक्षणमंत्री झाला. म्हणजे ज्या खात्याकडे एके काळी वॉर्ड २२ होता, ते खातं त्याच्याकडे आलं!

तोपर्यंत बरंच बदललंही होतं. सक्तीची सेवा नव्वदच्या दशकात वर्णभेदासोबतच संपली. १९९६च्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करायला स्पष्ट बंदी आली, आणि त्याच वर्षीच्या संरक्षण श्वेतपत्रिकेत नव्या सैन्यानंही तेच धोरण घेतलं. १९९८मध्ये तिथल्या घटनापीठानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द केला. हा निकाल आपल्यालाही परका नाही. २००९मध्ये दिल्ली हायकोर्टानं नाझ फाउंडेशन खटल्यात ३७७बद्दल निर्णय दिला, तेव्हा त्यात या निकालाचा आधार घेतला होता. २००६मध्ये दक्षिण आफ्रिकेत समलैंगिक विवाह कायदेशीर झाला. त्याच वर्षी 'मॉफी' कादंबरी प्रसिद्ध झाली. टॉम्स तोवर केप टाउन शहराचा आरोग्य संचालक झाला होता. २००८मध्ये मेंदूज्वरानं तो गेला.

आणि ऑब्रे लेविन? सत्य आणि समेट आयोगासमोर १९९७मध्ये आरोग्यक्षेत्राच्या सुनावण्या झाल्या, तेव्हा वॉर्ड २२चा विषय निघाला. पण लेविन त्याआधीच कॅनडात निघून गेला होता. तिथे त्याची प्रॅक्टिस चालू राहिली. कॅलगरी शहरात कोर्टाकडून पाठवलेले पेशंट त्याच्याकडे यायचे. त्यातल्या एकानं शेवटी मनगटी घड्याळातल्या छुप्या कॅमेऱ्यानं त्याचं चित्रीकरण केलं आणि २०१०मध्ये त्याला अटक झाली. पुरुष पेशंटवर लैंगिक अत्याचार केल्याच्या तीन आरोपांत तो २०१३मध्ये दोषी ठरला. समलैंगिकता 'बरी' करणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांची शिक्षा झाली, ती या कॅनडातल्या पेशंट्सबद्दल. वॉर्ड २२मधल्या मुलांसाठी त्याच्यावर कधीही खटला चालला नाही.